घोणस चावल्यावर रक्त काचेच्या नळीत का ठेवतात?

केळीवाला_यावल
राम राम मंडळी. मागल्या आठवड्यात काकांना केळीच्या बागेत पिलं (बुंध्याशी फुटलेले कोंब) कापताना घोणस चावली, घोट्याजवळ. दवाखान्यात सिस्टरने थोडं रक्त काढून साध्या काचेच्या नळीत टाकलं, नळी स्टँडला लावली आन म्हणे वीस मिनिटं कोणी हात लावू नका. इकडे काकांच्या हिरड्यातून रक्त येतंय, काकू रडतेय आन सिस्टर घड्याळाकडे बघतेय. मग नळी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, तेव्हा लगेच सलाईनमधून सापाचं औषध चालू केलं. काका आता घरी आलेत. सगळे म्हणतात विषाने रक्त पातळ झालं, पण म्हणजे नेमकं काय होतं? आन मुळात रक्त गोठतं कसं?

लॅबवाला_भुसावळ
भाऊ, काकाले बरं वाटनं हाई आयकीसन जीव भांड्यामा पडना.
आता बघा, विळा लागून बोट कापलं की आधी तिथली रक्तवाहिनी आखडते, मग प्लेटलेट जखमेला चिकटून एकमेकींना धरतात. डेंग्यूच्या टायमाला आपण ज्यांचा आकडा विचारत फिरतो त्याच या, नॉर्मल माणसात एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख. पण हे बूच कच्चं असतं. पक्कं करायला फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन लागतं, ते लिव्हर बनवतं आन रक्तात विरघळलेलं असतं. थ्रॉम्बिन नावाचं दुसरं प्रथिन त्याचे धागे करतं, त्या जाळीत रक्तपेशी अडकल्या की गुठळी झाली. हे थ्रॉम्बिन तयार व्हायला फॅक्टरांची, म्हणजे रक्तातल्या अशाच नंबर दिलेल्या प्रथिनांची, साखळी असते, एक जागा झाला की तो पुढच्याला जागं करतो, आन मधे कॅल्शियम लागतंच.
घोणसचं विष काय करतं, साखळीतल्या 10 आन 5 नंबरच्या फॅक्टरला डायरेक्ट जागं करतं. जखम नाही काही नाही तरी अंगभर बारीक धागे बनत राहतात, शरीर ते तोडत राहतं, आन काही तासांत फायब्रिनोजेन संपून जातं. म्हणजे रक्तात पाणी वाढलं असं नाही दादा, गोठायचं सामानच खर्च होऊन गेलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.
नळी काचेचीच का, तर काचेला रक्त लागलं की 12 नंबरचा फॅक्टर जागा होतो, साध्या प्लास्टिकवर तसं नीट होत नाही. नळी नवी, कोरडी पाहिजे, साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही आन रिपोर्ट चुकतो.

सिस्टर_चोपडा
वरचं सगळं बरोबर आहे. एक जोडते, औषध विषाला बांधतं पण संपलेलं सामान भरून देत नाही, ते लिव्हरलाच बनवावं लागतं, म्हणून आम्ही सहा तासांनी परत नळी लावतो. आणि हात जोडून सांगते, कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर ब्लेडने चिरा देऊ नका, दोरीने करकचून बांधू नका. ज्याचं रक्त गोठतच नाही त्याला तुम्ही जखम करून देताय. कमरेत इंजेक्शनसुद्धा नको, आत रक्त साचतं. पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठा.

केळीवाला_यावल
ताई, इथं शेजारच्या बाबांनी ब्लेड काढलंच होतं, काकूने हात धरला म्हणून वाचलो. अजून एक, वडील हार्टची ॲस्पिरिन घेतात, तीही रक्त पातळ करते म्हणतात, ते पण असंच का?

लॅबवाला_भुसावळ
नाही दादा, तिच्यात सामान संपत नाही. ती फक्त प्लेटलेटला एकमेकींना धरू देत नाही. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं असतं आन गोळी लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते. म्हणून दात काढायचा असला तर डॉक्टरला आधी सांगायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.