आबांच्या लिव्हरला फंगस निघालाय, एचआयव्ही नाही, शुगर नाही. कुणाला अनुभव?

मंडळी, आबा 64 वर्षांचे. नोकरी सगळी रेल्वेत, खरगपूरला. आता गावी असतात. संध्याकाळचा ताप, वजन 11 किलो उतरलं, लिव्हर सुजलेलं. बायॉप्सीत 'ग्रॅन्युलोमा' (सुजेच्या पेशींची बारीक गाठ) एवढाच शब्द आला. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबी, लगेच एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू. अडीच महिने त्या औषधांनी लघवी लाल होत राहिली, ताप काही हलला नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी बायॉप्सीच्या तुकड्याचा तोच जुना ब्लॉक मागवून सिल्व्हर स्टेन (बुरशी काळी दिसावी म्हणून द्यायचा रंग) करायला लावला. पेशींच्या आत बारीक काळे ठिपके: हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी. एकेटी बंद करून आठ दिवस झाले. आता बुरशीवरची इट्राकोनॅझोल कॅप्सूल, 200 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, निदान वर्षभर.

ही बुरशी वटवाघळांच्या विष्ठेत वाढते, म्हणून डॉक्टरांनी वटवाघळांचं विचारलं आणि मला वाड्याचा माळा आठवला. दिवाळीआधी आबांनी एकट्यानं झाडला होता, तोंडाला नुसतं उपरणं. खाली उतरले तेव्हा भुवयांवरसुद्धा ती काळी भुकटी. पण हा आजार बंगालकडेही बराच दिसतो म्हणे, म्हणजे खरगपूरचंही असेल. असा पसरलेला आजार प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत जास्त दिसतो, म्हणून एचआयव्ही तपासला; दोनदा निगेटिव्ह, तरी आत्या बाजूला घेऊन विचारते, "खरं सांग, काय लपवताय?"

विचारायचं हे, की कॅप्सूल कशी घ्यायची? अॅसिडिटीचं पॅन्टोप्रॅझोल जुनं चालूच आहे. आणि उठलं की चक्कर येते, बीपी 90/60. सीटीत दोन्ही अॅड्रिनल (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी) मोठ्या दिसल्यात. अपॉइंटमेंट सोमवारी आहे.

प्रतिसाद:
ताई, सोमवारपर्यंत थांबू नका, आजच दाखवा. सासूबाईंना हेच झालं होतं. ही बुरशी अॅड्रिनलमध्ये शिरली की तिथं बनणारं, बीपी टिकवणारं कॉर्टिसोल हार्मोन कमी पडतं, माणूस अचानक कोसळतो. सकाळी आठची कॉर्टिसोल टेस्ट विचारा. कॅप्सूल भरल्या पोटी. तिला अॅसिड लागतं, पॅन्टोप्रॅझोलनं ती नीट शोषली जात नाही. एकेटीतल्या रिफॅम्पिसिनचा परिणामही बंद केल्यावर दोनेक आठवडे राहतो, तोवर इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी कमीच. हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला, मनानं काही बंद करू नका.

धागाकर्ती:
त्याच रात्री नेलं. कॉर्टिसोल फारच कमी निघालं, ते भरून काढायला हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलंय. आज बीपी 110. डॉक्टरांनी पॅन्टोप्रॅझोल बंद करून कॅप्सूल जेवणानंतर कोलाबरोबर द्यायला सांगितलीय. आबा नाक मुरडत पितात.