घरातील वाय-फायचे केंद्र केबलचा सेट-टॉप बॉक्सच का असू नये?

चौथा_मजला

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री आणि पुण्या-नागपुरात त्यानंतर पाच महिन्यांनी अ‍ॅनालॉग केबलची मुदत संपली आणि टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स येऊन बसला. त्या बॉक्समध्ये प्रोसेसर आहे, मेमरी आहे, त्याला चोवीस तास वीज मिळते आणि भिंतीतून ओढलेली कोअ‍ॅक्सियल केबल त्याच्यापर्यंत आधीच पोहोचलेली आहे. असे असताना इंटरनेटसाठी आपण त्याच्या शेजारी आणखी दोन डबे, तीन अ‍ॅडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड मांडतो, हे मला पटत नाही.

टीव्हीच्या वाहिन्या पकडणारा ट्यूनर, केबलवरून इंटरनेट घेणारा केबल मॉडेम आणि वाय-फाय एकाच बॉक्समध्ये असावेत आणि घरातील सर्व उपकरणे त्याच्याशी बिनतारी जोडली जावीत, असे माझे मत आहे. यात तंत्राची अडचण नाही. डॉक्सिस हे केबलवरून इंटरनेट देण्याचे मानक १९९७ पासून अस्तित्वात आहे, आणि एका टीव्ही वाहिनीपुरती म्हणजे ८ मेगाहर्ट्झची जागा इंटरनेटला दिली, तरी त्यातून सेकंदाला सुमारे ५० मेगाबिट मिळू शकतात. शयनगृहातील दुसऱ्या टीव्हीसाठी नवी तार ओढण्याची गरजही मग उरणार नाही. फ्रान्समध्ये २००२ साली आलेल्या फ्रीबॉक्सने पुढे इंटरनेट, फोन आणि टीव्ही हे तिन्ही एका वर्गणीत आणि एका बॉक्सभोवती आणून दाखवले. तिथे जे जमले ते इथे का जमू नये?

मोकळे_पोर्ट

फ्रीबॉक्सचे उदाहरण आपण दिलेत म्हणून त्याची पुढची पायरीही पाहू. त्याच कंपनीने २००६ मध्ये एचडी आवृत्ती आणली तेव्हा बॉक्सचे दोन भाग केले, एक फोनच्या सॉकेटजवळ ठेवायचा आणि दुसरा टीव्हीजवळ, आणि दोहोंमध्ये वाय-फायचा दुवा दिला. टीव्हीची योग्य जागा आणि वाय-फायची योग्य जागा एकच असते असे नाही, हेच त्यातून दिसते. आपल्याकडे सेट-टॉप बॉक्स दिवाणखान्याच्या एका कडेला, शोकेसच्या कप्प्यात, बहुधा आरसीसी खांबाला टेकून आणि टीव्हीच्या मागे झाकलेला असतो. वाय-फायच्या अँटेनासाठी याहून वाईट जागा शोधावी लागेल, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तर दोन भिंतींपलीकडे फारच क्षीण होतात.

माझा मुख्य आक्षेप मात्र मालकीचा आहे. बॉक्ससाठी पैसे आपण मोजले तरी त्याचे कुलूप केबल कंपनीच्या हाती असते, आणि कंपनी बदलली की बॉक्स निरुपयोगी होतो. कोणत्याही कंपनीकडे चालेल असाच बॉक्स असावा, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२० मध्ये केली ती याच कारणाने. आज वाहिन्यांच्या दरावरून वाद झाला तर मी केबल तोडू शकतो आणि माझे इंटरनेट चालू राहते. तुमच्या योजनेत एका भांडणात दोन्ही जातील. सुरक्षेचेही तसेच आहे. जानेवारी २०२० मध्ये ‘केबल हाँट’ नावाने ब्रॉडकॉमच्या चिपवर चालणाऱ्या केबल मॉडेममधील त्रुटी उघड झाली, तेव्हा दुरुस्तीचे सॉफ्टवेअर पाठवणे सर्वस्वी केबल कंपनीच्या मर्जीवर होते, ग्राहकाला स्वतःहून काहीच करता येत नव्हते. शिवाय ट्यूनर दहा वर्षे सहज चालतो, तर वाय-फायची मानके २००९, २०१३ आणि २०२१ अशी बदलत आली आहेत. एक भाग जुना झाला म्हणून धडधाकट दुसरा भाग फेकून देण्यात कसली काटकसर?

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथे केबलचेच इंटरनेट वापरतो. दोन सिनेटरांनी २०१५ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकी कुटुंब सेट-टॉप बॉक्सच्या भाड्यापोटी वर्षाला सरासरी सुमारे २३१ डॉलर भरत होते. बॉक्सची बाजारपेठ खुली करण्याचा एफसीसी या इथल्या दूरसंचार नियामकाचा प्रस्ताव २०१६ मध्ये मतदानाआधीच बारगळला. कॉमकास्ट या केबल कंपनीने तर २०१३ पासून ग्राहकांच्या घरातील गेटवेवरून, म्हणजे मॉडेम-राउटरच्या एकत्र डब्यावरून, कंपनीच्या इतर ग्राहकांसाठी वेगळे वाय-फाय सुरू केले, आणि ज्यांना ते नको होते त्यांना स्वतःहून ते बंद करावे लागत होते. केंद्र दुसऱ्याच्या ताब्यात असले की असे निर्णय आपल्याला न विचारता होतात.

चौथा_मजला

मालकीचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो नियमांनी सुटणारा प्रश्न आहे. त्यासाठी चांगली रचना टाकून देऊ नये. विजेचे काय? १० वॅटचे एक उपकरण वर्षभर अखंड चालले तर सुमारे ८८ युनिटे जळतात. दोन उपकरणांचे काम एकाने केले तर ही बचत प्रत्येक घरात होईल.

मोकळे_पोर्ट

बचत तेव्हाच होईल जेव्हा कोणी टीव्ही पाहत नसताना सेट-टॉप बॉक्स झोपत असेल, आणि तसे होत नाही. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार अमेरिकेतील सुमारे १६ कोटी बॉक्स वर्षाला २७ अब्ज युनिट वीज वापरत होते, आणि तिच्यापैकी दोन तृतीयांश वीज कोणी टीव्ही पाहत नसताना जात होती. आज टीव्ही बंद केल्यावर बॉक्सचे बटणही बंद करता येते. वाय-फाय त्यातच असले तर ती सोयही जाईल.

गच्चीवरची_वायर

मी पंधरा वर्षे केबलचा स्थानिक व्यवसाय केला, म्हणून दोन्ही बाजूंकडून सुटलेली एक गोष्ट सांगतो. टीव्हीचे सिग्नल एकाच दिशेने, कंट्रोल रूमकडून घराकडे जातात. इंटरनेटला परतीची वाट लागते, आणि ती ५ ते ६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असते. आमच्या भागातील अँप्लिफायर एकदिशा होते, म्हणजे घरून निघालेला सिग्नल पहिल्याच खांबावर अडला असता. ते सगळे बदलले तरी गोंगाट उरतो. पावसाळ्यात गंजलेला प्रत्येक कनेक्टर, एका तारेच्या दोन तारा करणारा, सैल पडलेला प्रत्येक स्प्लिटर, मिक्सरच्या मोटरची प्रत्येक ठिणगी त्या पट्ट्यात खरखर सोडते, आणि शेकडो घरांची ती खरखर परतीच्या वाटेवर एका ठिकाणी गोळा होते. एका घरातील खराब जोडणीमुळे अख्ख्या गल्लीचे इंटरनेट अडखळते आणि दोष शोधायला घरोघर फिरावे लागते. आमच्यासारख्यांनी पुढे फायबर ओढले ते यासाठी. फायबर ज्या डब्यात उतरते तिथेच राउटर असणे स्वाभाविक आहे. सेट-टॉप बॉक्स आता त्या वाय-फायचा एक ग्राहक आहे.

चौथा_मजला

परतीच्या वाटेचा हा खुलासा मला ठाऊक नव्हता. गल्लीपासून घरापर्यंत कोअ‍ॅक्सचा आग्रह मी सोडतो. पण भिंतीत आधीच असलेली तार घरातल्या घरात वापरता येईल की नाही? आमच्या जुन्या, जाड भिंतींच्या लोड-बेअरिंग इमारतीत आतल्या खोलीपर्यंत वाय-फाय पोहोचत नाही.

गच्चीवरची_वायर

येईल. मोका नावाचे तंत्र नेमके त्यासाठीच आहे. ते ११२५ मेगाहर्ट्झच्या वर चालते, म्हणून केबलच्या वाहिन्यांना धक्का लागत नाही. डिशची तार मात्र त्याच पट्ट्यात असते, तेव्हा दोन्ही एका तारेवर घालू नका. आधी स्प्लिटर काढून पाहा. त्यावर ५ ते १००० असे छापले असेल तर तो बदलावा लागेल, आणि केबल घरात शिरते तिथे फिल्टर बसवा, म्हणजे तुमचे सिग्नल शेजाऱ्याच्या घरी जाणार नाहीत.