प्रेग्नन्सीत शुगर होती, आता नॉर्मल आलीय, तरी पथ्य पाळायचं का?

मृण्मयी_नाशिक
मला सातव्या महिन्यात शुगर निघाली, शेवटी इन्सुलिनपण लागलं. आता बाळ दोन महिन्यांचं आहे. डिलिव्हरीनंतर दवाखान्यातच चेक केली तर नॉर्मल, त्यामुळे घरी सगळे म्हणतात संपलं आता, बाळंतीण आहेस, खा. आई रोज डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, शिरा देते, नको म्हटलं की तिला वाईट वाटतं. पण पप्पांना डायबेटिस आहे म्हणून मला खूप भीती वाटतेय. पुढे खरंच होतो का? खाण्याने फरक पडतो का? आणि कमी खाल्लं तर दूध कमी होईल का?

आहारवाली_मेघा
मृण्मयी, वार पडली की तिचे हार्मोन्स जातात म्हणून बहुतेकींची शुगर लगेच खाली येते, त्यावरून पुढचं काही कळत नाही गं. २०२० साली बीएमजे या वैद्यकीय मासिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात प्रेग्नन्सीत शुगर झालेल्या बायकांना पुढे टाइप २ डायबेटिस होण्याचा धोका इतरांपेक्षा जवळपास १० पट निघाला. म्हणून ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची टेस्ट करतात, तुझी वेळ आत्ताच आहे. आत्ता नुसत्या एचबीएवनसीवर (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) थांबू नको, बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, आकडा फसवा येऊ शकतो. नॉर्मल आली तरी दर १ ते ३ वर्षांनी परत, आणि घरात डायबेटिस आहे तर मी दरवर्षीच म्हणेन.

खाण्याने फरक पडतो. अमेरिकेत नर्सेस हेल्थ स्टडी २ मधल्या, आधी प्रेग्नन्सीत शुगर झालेल्या ४,४१३ बायकांवर १९९१ ते २००५ लक्ष ठेवलं होतं. भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे, अख्खी धान्यं जास्त आणि गोड पेयं, लाल मांस कमी असं खाणं ज्यांनी सगळ्यात नीट पाळलं त्यांच्यात डायबेटिस ४० ते ५७ टक्के कमी दिसला, म्हणजे खाणं किती पाळलं ते मोजायच्या तीन पद्धती होत्या, त्याप्रमाणे आकडा बदलतो. आता त्या नर्सेस आपल्यासारखं खात नाहीत आणि हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, पण भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक हे त्याच वाटेचं जेवण आहे.

सुनंदाकाकू
अगं आईचं मन मोडू नकोस. लाडू लिंबाएवढाच वळायला सांग, गूळ कमी, दिवसाला एकच. खिरीतपण गूळ नावालाच. शिऱ्याऐवजी मुगाचं धिरडं किंवा थालीपीठ मागून घे. शेपू, मेथी तर बाळंतिणीला देतातच, ती भरपूर खा आणि भात थोडा.

रश्मी_पुणे
माझंही असंच झालेलं, डिलिव्हरीनंतर नॉर्मल आणि काही वर्षांनी प्री-डायबेटिस (शुगर वाढलेली, पण डायबेटिसइतकी नाही), त्रास काहीच नव्हता, दरवर्षीच्या टेस्टमुळेच सापडला. तेव्हा डॉक्टरांनी अमेरिकेतल्या डीपीपी या डायबेटिस टाळण्यावरच्या ट्रायलचं सांगितलं, त्यात आधी जीडीएम (प्रेग्नन्सीतली शुगर) झालेल्या आणि प्री-डायबेटिसवर आलेल्या बायकांमध्ये आहार-व्यायाम-वजन यावर नीट काम केल्याने धोका साधारण निम्मा झाला, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनेही तेवढाच. म्हणजे लवकर कळलं तर हातात बरंच असतं.

मृण्मयी_नाशिक
खूप आधार वाटला. या आठवड्यातच टेस्ट करते. दुधाचं सांगा ना कोणीतरी.

आहारवाली_मेघा
उपाशी राहू नको, पोटभर जेव, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडं हवंच. त्याने दूध कमी होत नाही. आणि पाजणं थांबवू नको, अंगावर जास्त पाजणाऱ्या बायकांमध्ये पुढे डायबेटिस कमी आढळलाय. टेस्टला रात्रीचं जेवून किमान ८ तास उपाशी जा, पाणी चालतं. दोन तास तिथेच बसावं लागेल तर आईला सोबत ने, बाळाला मधे पाजता येईल.