मलेरियानंतर लोहाची गोळी केव्हा सुरू करावी? संशोधनाचा अर्थ लावण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही घणसोलीला राहतो. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला श्रावणात व्हायवॅक्स मलेरिया झाला. क्लोरोक्विन आणि १४ दिवसांचे प्रायमाक्विन पूर्ण झाले, ताप गेला, पण हिमोग्लोबिन ९.६ वर अडकले आहे. शाळेत दर सोमवारी मिळणारी निळी गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आजारपणात बंद होती. ती पुन्हा सुरू करणार तोच सोसायटीच्या ग्रुपवर ‘लोह हे मलेरियाच्या जंतूचे खाद्य आहे’ असा संदेश आला. तो निव्वळ थाप असता तर मी पुसून टाकला असता.

शोधल्यावर झांझिबारमधील पेम्बा बेटावरच्या चाचणीचा अहवाल सापडला. तिथे लहान बालकांना रोज लोह आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण वाढलेले दिसले, म्हणून २००३ मध्ये लोहाचा भाग थांबवावा लागला. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्याच अभ्यासाच्या एका उपगटात, जिथे मलेरियाचे निदान आणि उपचार वेळेवर मिळत होते, तिथे आधीपासून लोहाची कमतरता व रक्तक्षय असलेल्या मुलांना लोहाचा फायदाच झाला. शिवाय पेम्बात फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या, अधिक घातक प्रकाराचा सुळसुळाट होता, मुले तीन वर्षांच्या आतली होती आणि मात्रा रोजची होती. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि गोळी आठवड्यातून एकदा. तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा तिला लावणे मला पटत नाही.

तरीही एक शंका उरते. व्हायवॅक्सचा परजीवी प्रामुख्याने नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो, आणि लोह दिल्यावर अशाच पेशी वाढतात. दुसरीकडे, संसर्गाच्या काळात शरीरात हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि ते आतड्यातून लोह शोषूच देत नाही, म्हणजे घाईने दिलेली गोळी बहुधा वाया जाते. फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) दाह असताना फसवे वाढते, त्यामुळे तिचा ‘नॉर्मल’ अहवाल कितपत खरा मानावा हे कळत नाही.

येथील डॉक्टर, पॅथॉलॉजी किंवा पोषणशास्त्रातील सदस्यांना विनंती: उपचार संपल्यावर लोह सुरू करण्यापूर्वी साधारण किती आठवडे थांबतात, आणि फेरिटिनसोबत सीआरपी (दाह मोजणारी रक्तचाचणी) करून घेतल्यास चित्र स्पष्ट होईल का? शनिवारी आमच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. निर्णय त्यांचाच राहील, पण त्यांच्यासमोर नेमके प्रश्न घेऊन जायचे आहे.