मदत हवी आहे: डावखुऱ्या हौशी नेमबाजासाठी एअर पिस्तूल, बजेट एक लाख

डावरा नाशिककर:

नमस्कार मंडळी. वय ४९, मुक्काम नाशिक, हात डावा. गेले आठ महिने आठवड्यातून तीन संध्याकाळी एका लहानशा क्लबात १० मीटर एअर पिस्तूल मारतोय. स्पर्धा वगैरे डोक्यात नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो तुर्कस्तानचा युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून रौप्यपदक घेऊन गेला, तेव्हा बायको म्हणाली, "हा एक्कावन्न वर्षांचा आहे म्हणे. आणि तुम्ही सोफ्यावर." तिथून सुरुवात झाली. आता तीच विचारते, पिस्तूल विकत कशाला घ्यायला हवं!

क्लबात एक जुनं रशियन बैकल आयझेडएच ४६एम आहे, आम्ही पाचसहा जण तेच वापरतो. दांडा उघडून मिटला की हवा दाबली जाते, एका दाबात एक छर्रा. नेमाला उत्तम आहे, पण ग्रिप उजव्या हाताची. डाव्या हातात ती धरणं म्हणजे उलटे बूट घालून चालणं. तरीही ६० छर्ऱ्यांत ६०० पैकी ५०५-५१० होतात.

समोर आलेली पिस्तुलं अशी. क्लबातला एक मुलगा नवीन घेतोय, त्याचं स्टायर एलपी १० विकायचंय. दाबाच्या हवेचे दोन सिलिंडर, पेटी, सगळं मिळून ९५ हजार म्हणतो. एका दुकानदाराने चिनी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं) पिस्तूल दाखवलं, याच्या पाव किमतीत. शिवाय गॅमो कॉम्पॅक्ट मिळण्यासारखं आहे, बैकलसारखंच एका दाबाचं, पण बरंच हलकं. नवीन मोरिनी किंवा वाल्थर मला परवडत नाही, त्यामुळे "अजून थोडे पैसे टाका" असा सल्ला कृपया देऊ नये.

परवाना लागतो का, हवा कुठे भरायची, आणि डावखुऱ्याने जुनं पिस्तूल घ्यावं का, हे जाणकारांनी सांगावं.

शिणलेला अभियंता:

परवान्याचं आधी. शस्त्र नियम २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. १० मीटरची मॅच पिस्तुलं यात आरामात बसतात. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सुटतो. गणित करा, सहा ज्यूलच्याही आत. पॉइंट टू-टूच्या, म्हणजे काडतुसाच्या पिस्तुलाच्या, नादी लागलात की परवाना आला, तो हौशी माणसाचा खेळ नाही.

जुनं घेताना मूळ बिलाची प्रत मागा आणि विक्री कागदावर करा. बाहेरच्या देशातून कुणाच्या सामानात मागवायची कल्पना असेल तर सोडा, आयातीला वेगळी परवानगी लागते. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेटी उघडून मित्रांना दाखवू नका. वॉचमनला ज्यूल कळत नाहीत.

वऱ्हाडी ठेचा:

भाऊ, सीओटू घेऊ नका. मी घेतलं होतं. त्या वायूचा दाब तापमानावर नाचतो. ३१ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात राहतच नाही. आता नागपुरात मे महिन्यात काय होत असेल सांगा! सकाळी सहाला एक नेम, दुपारी बाराला दुसरा. हिवाळ्यात उलट, दाब पडतो आणि छर्रे खाली लागतात. शिवाय भराभर पाचसात मारले की पिस्तूल स्वतःच गार पडते. मी तीन महिने साइटचे (नेम धरायच्या खुणांचे) स्क्रू फिरवत बसलो, शेवटी समजलं का चूक माझी नव्हतीच. म्हणजे थोडी होती बाप्पा, पण किती हे मोजायला काही मार्गच नाही. बिअरचे रिकामे कॅन पाडायला मात्र झकास.

खडूस मास्तर:

वऱ्हाडी यांच्याशी सहमत, आणि त्यांनी नकळत मुख्य मुद्दा सांगितला आहे. शिकणाऱ्याला असं पिस्तूल हवं की चूक झाली तर ती आपलीच, हे ठामपणे कळलं पाहिजे.

नाशिककर, तुम्ही नळीची चिंता सोडा. १० मीटरवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. बरं मॅच पिस्तूल शिकंजात धरून मारलं तर पाचही छर्रे त्याच्या आत एकाच भोकातून जातात. तुमचं बैकलही जाईल. ५१० चा माणूस सरासरी साडेआठ मारतो. म्हणजे उरलेलं सगळं मनगट, श्वास आणि तर्जनी. तुम्ही पैसे मोजताय ते ट्रिगर आणि ग्रिप यांच्यासाठी.

नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा हवा. ५०० ग्रॅमचं मापट घ्या, ट्रिगरला अडकवून पिस्तूल सरळ वर उचला. सुटला तर हलका आहे. पण वजनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पहिला टप्पा कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो, हे बोटाला दर वेळी त्याच जागी कळतंय का. एलपी १० चा ट्रिगर यांत्रिक आहे आणि तो या बाबतीत नावाजलेला आहे. त्यात धक्का शोषणारा स्टॅबिलायझरही असतो. ५१० वर त्याचा फार उपयोग होत नाही, पण चुकीचं काही करत नाही.

विजेवर चालणाऱ्या ट्रिगरचं पिस्तूल मिळालं तरी घाबरू नका, फक्त बॅटरी जवळ ठेवा. यंत्र म्हटलं की रुसणार. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. तीच मुलगी तीन वर्षांनी पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली.

गॅमो वाईट नाही. पण तुम्ही आज बैकलवर आहात, आणि तिकडून गॅमोवर जाणं म्हणजे पुढे जाणं नव्हे, बाजूला सरकणं आहे. वर दर छर्ऱ्याला दांडा ओढायचा. पन्नाशीत ६० वेळा खांदा वापरून मग तोच हात स्थिर धरायचा, कशाला?

मंजिरी डावखुरी:

अखेर एक डावखुरा भेटला! मी कोल्हापूरची, दुधाळीच्या रेंजवर शिकले. आमच्याकडे नेमबाजी म्हणजे गल्लीतला खेळ झालाय. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्नील कुसाळे, त्यामुळे कुणी हसत नाही हे सुख. पण डाव्या हाताची ग्रिप मागितली की सगळे आभाळाकडे बघतात.

दादा, पिस्तूल डावं-उजवं नसतं, ग्रिप असते. एलपी १० ची ग्रिप स्क्रूवर निघते, डावी वेगळी मिळते. ट्रिगरचं पातंही वळवता येतं. त्यामुळे ९५ हजारांत डाव्या ग्रिपचे पैसे धरा आणि मग भावाला बसा. ग्रिप मापाची घ्या, एस, एम, एल असतात. मोठी घेऊन "भरून निघेल" म्हणू नका. थोडी कमीजास्त असेल तर जिथे पोकळ वाटते तिथे एम-सील लावायचं, ओलं असतानाच हात दाबून ठसा घ्यायचा, वाळलं की पॉलिश पेपर. माझी ग्रिप दिसायला अशी झाली आहे की आई म्हणते उंदराने कुरतडली. हातात मात्र बिनचूक बसते. डोळे मिटून हात उचलायचा, उघडायचे. माशी (पुढची साइट) मागच्या साइटच्या खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप बरोबर. दर वेळी एकाच बाजूला गेलेली दिसली तर हाताला दोष देऊ नका, लाकूड घासा.

एक विचारायचं राहिलं. तुमचा प्रबळ डोळा कोणता, म्हणजे नेम आपोआप कोणत्या डोळ्याने धरला जातो?

डावरा नाशिककर:

मंजिरीताई, डोळा उजवा! कागदाला भोक पाडून तपासलं. मग तर संपलंच ना?

मंजिरी डावखुरी:

छे. रायफल असती तर पंचाईत होती. पिस्तुलात हात लांब असतो, मान जरा फिरवली की उजवा डोळा साइटच्या रेषेत येतो. डाव्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावा, डोळा मिटू नका, मिटला की दुसराही थकतो. चाळिशीचा चष्मा असेल तर माशी धूसर दिसत असणार. माझ्या डॉक्टरांनी लांबच्या नंबरात फक्त +०.५० वाढवून वेगळी काच दिली. लक्ष्य थोडं पुसट दिसतं, माशी धारदार दिसते, आणि तेच हवं असतं.

मालवणी बांगडो:

हवेचा प्रश्न कोणी घेतला नाय म्हणान मी घेतंय. या पिस्तुलांच्या सिलिंडरात २०० बारपर्यंत हवा भरतात आणि एका भरण्यात तुमची दोन सरावसत्रं सहज निघतात. भरायची कशी, तर मोठ्या डायव्हिंग टाकीवरून. आमच्याकडे तारकर्ली-मालवणात स्कूबावाले आहेत, त्यांच्याकडे टाकी भरून मिळते. नाशकात समुद्र नाय, पण क्लबात टाकी असेलच, त्या मुलाला विचारा तो कुठे भरायचा. हातपंपही मिळतो. पावसाळ्यात मात्र तो जपून वापरायचा, दमट हवा आत गेली की आतून गंज. आणि कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन भरून देतो म्हणालो तर तिथून पळायचं. ग्रीस आणि दाबाचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, गंमत नाय.

डावरा नाशिककर:

मंडळी, काल पिस्तूल पाहून आलो. ट्रिगर लोण्यासारखा. ५०० ग्रॅमचं मापट किराणा दुकानातून मागून नेलं होतं, तो मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. ट्रिगरने वजन पेललं. टेकवून दहा छर्रे मारले, एकच फाटकं भोक. घरी येताना जवळजवळ ठरवलंच होतं. मग सहज सिलिंडरवरची तारीख वाचली. दोन्हींवर २०१३.

खडूस मास्तर:

बरं झालं वाचलीत. या सिलिंडरांचं आयुष्य उत्पादक दहा वर्षं धरतो. स्पर्धेच्या नियमातही मुदतीतला सिलिंडर ही नेमबाजाचीच जबाबदारी असते. तुम्ही स्पर्धा खेळणार नाही हे खरं, पण २०० बारची बाटली तोंडापासून हातभर अंतरावर धरून उभे राहणार आहात. मुदत संपलेला सिलिंडर म्हणजे शून्य किमतीचा ॲल्युमिनियमचा तुकडा. पिस्तुलाला मात्र नाही म्हणू नका. नव्या सिलिंडरचे आणि डाव्या ग्रिपचे पैसे वजा करून भाव सांगा. मुलाने फसवलं असं मला वाटत नाही, बहुतेकांना ती तारीख दिसतच नाही.

आणखी एक. मुदतीतला सिलिंडर क्लबातून मागून घ्या, भरून लावा, दाबाचा काटा टिपून ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. रात्रभरात काटा खाली आला असेल तर सील गेलं आहे, तोही खर्च धरा.

शिणलेला अभियंता:

आणि छर्रे विसरू नका. चपट्या तोंडाचे मॅचचेच घ्या, आरडब्ल्यूएस आर १० किंवा एच अँड एन फिनाले मॅच. दोनतीन डब्या वेगवेगळ्या घेऊन टेकवून मारून बघा, ज्याचं भोक लहान तो तुमचा. शिसं आहे, सराव झाला की हात धुवूनच वडापावाला हात लावा.

डावरा नाशिककर:

धन्यवाद सगळ्यांना. काटा रात्रभरात हलला नाही. ७८ हजारांत ठरलं, सिलिंडर नवीन एकच घेतोय. मुलाने त्याची जुनी छर्ऱ्यांची डबी आणि पांढरी पट्टी फुकट दिली, बहुधा मापट आणल्याबद्दल दया आली असावी. चष्म्याच्या दुकानात शनिवारी जातोय. बायकोला अजून ५५ सांगितलंय, ती हा धागा वाचत नाही अशी आशा आहे.

एलपी १० ची डाव्या हाताची, एम मापाची ग्रिप कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उंदराने कुरतडलेली चालेल.