ताई जामिनावर सुटली आहे. बँक, काम आणि मुलाच्या भेटीबाबत माहिती हवी

नमस्कार मंडळी. घरचा विषय आहे, म्हणून गाव-नाव लिहीत नाही.

माझी थोरली बहीण एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करायची. संस्था बुडाली, अपहाराच्या गुन्ह्यात तिचंही नाव आलं आणि वर्षभराहून जास्त ती येरवड्याच्या महिला कारागृहात होती. आता जामीन झालाय, खटला चालू आहे. नवऱ्याने घरात घेतलं नाही, म्हणून माहेरी आमच्याकडे असते. (गावातलाच एक जण जामिनावर सुटला तेव्हा गुलाल उधळला होता. ताईला आणायला आई आणि मी, दोघीच.)

रिचार्ज नसल्याने तिचं सिम बंद पडलं आणि तो नंबर आता भलत्याच माणसाकडे आहे. ओटीपी त्यालाच जातात. आधारला नवा नंबर जोडून घेतला, पण बँक म्हणते, मूळ शाखेत या. ती शाखा सासरच्या गावात, भर चौकात. रांगेत उभे असतात ते तिच्याकडे पिग्मी भरलेलेच लोक. ती काही केल्या जायला तयार नाही. दुसऱ्या शाखेतून हे काम होतं का?

मध्यंतरी एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली होती. जामिनाच्या अटीप्रमाणे दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी असते. मालकिणीने विचारलं, "सोमवारचीच कुठे जातेस गं?" ताईने खरं ते सांगितलं. संध्याकाळी हिशोब हातात. ही अट शिथिल करून घ्यायला कोर्टात अर्ज केलेलं कोणी आहे का इथे?

सगळ्यात अवघड मुलाचं आहे. नऊ वर्षांचा आहे, सासरीच असतो. आई मुंबईला नोकरीला गेलीय असं त्याला सांगितलंय, फोनही देत नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, ताईचा जामीनही तसाच झाला. मुलाच्या भेटीचा अर्जही तिथूनच होईल ना? की चालू खटल्याचं कारण सासरचे पुढे करतील?

शक्ती सदन (पूर्वीचं स्वाधार, अडचणीतल्या बायकांसाठीचं सरकारी योजनेतलं निवारागृह) सुचवू नका, तिला माहेर सोडायचं नाही. टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून मुंबईत सुटून आलेल्यांसोबत काम करतो. पुणे जिल्ह्यात असं काम करणारं कोणी माहीत असेल तर कृपया सांगा. ती दोषी की निर्दोष यावर इथे चर्चा नको, ती गावात रोज चालूच आहे.

भेटायला बोलावणार असाल तर सोमवार सोडून कुठलाही वार चालेल.