ऑनलाइन कोर्स केला की पोरगं मशीनवर उभं करायचं का?

पाईपलाईन_जळगाव: मी काम करतो त्या पीव्हीसी पाईपच्या कारखान्यात नव्या पोरांना व्हिडिओ दाखवून, परीक्षा घेऊन थेट एक्स्ट्रूडरवर, म्हणजे पीव्हीसी वितळवून पाईप काढणाऱ्या मशीनवर, उभं करायचं घाटतंय. माझा ठाम विरोध आहे. बॅरलचं, म्हणजे पीव्हीसी वितळतं त्या नळीचं, तापमान किती ठेवायचं हे पडद्यावर कळतं. पण पीव्हीसी जास्त तापलं की आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो. ज्याच्या नाकाला तो वास ओळखीचा आहे, तो पॅनल बघत बसत नाही, लगेच हालचाल करतो. शेजारी जाणता माणूस नसेल तर नवं पोरगं काय करणार?

मेघा_भुसावळ: दादा, तो जाणता माणूस शिकवतो तरी का? वर्षभर झाडू मारायला लावतात, चहा आणायला पाठवतात आणि सेटिंग हातची राखतात. मुलींना तर मशीनजवळ फिरकू देत नाहीत. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, मी सिम्युलेटरवर शिकले. चुकलं तरी कोणी खेकसलं नाही, एकच धडा हवा तितक्या वेळा बघता आला. धडगावच्या पोराला पुण्यात खोली करून शिकणं परवडत नाही, त्याला काय सांगाल?

निवृत्त_लोकोपायलट: मेघाताई, सिम्युलेटर चांगलाच. तरी नव्या सेक्शनवर गाडी एकट्याच्या हाती देण्याआधी रेल्वे तो रस्ता जाणत्या पायलटसोबत शिकायला लावते. उतार कुठे लागतो, वळणामागचा सिग्नल किती उशिरा दिसतो, हे तिथे गेल्यावरच अंगात भिनतं. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यातही वर्गातल्या शिकवणीसोबत प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहेच.

डाळमिलवाला: मालकाचंही ऐका भो! शिकवलेलं पोरगं लगेच चाकणला जातं. सुरक्षेचे नियम, बिलिंग, स्टॉकच्या नोंदी मोबाईलवर शिकू द्या, माझा वेळ वाचतो. तुरीत ओल किती राहिली हे मात्र दाणा दाताखाली धरूनच शिकावं लागतं, तिथे मीही उभा राहतो.

मेघा_भुसावळ: मग शिकवणाऱ्याला शिकवण्याचे पैसे द्या. बोनस मालाच्या वजनावर मिळतो, म्हणजे पोराला समजावण्यात तास गेला की नुकसान त्याचंच. असं असेल तर कोण शिकवेल? माझा तरी भरवसा मोबाईलवरच.

पाईपलाईन_जळगाव: बोनसचं बरोबर बोललीस ताई, ते मी मॅनेजरपुढे मांडतो. पण नुसत्या व्हिडिओवर आलेलं पोरगं माझ्या पाळीत एकटं उभं राहू देणार नाही.